घरचं पान

दिवेवाल्याने हाक मारली तेव्हा मी नळाखाली बीकर विसळत होते. काहीतरी बिनसलंय हे मला हाकेवरूनच कळलं, कारण हा माणूस नुसती हाक कधी मारत नाही, शेवटी एखादी टिंगल जोडलेली असतेच. आज नुसतं "ताई, जरा या." दिवेवाला म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र चालवणारा. त्या यंत्राला दर धातूसाठी वेगळा दिवा लागतो, शिशाचा वेगळा, जस्ताचा वेगळा, कॅडमियमचा वेगळा. पेटीतले ते दिवे तो तान्ह्या मुलाला अंघोळीनंतर टिपावं तसे टिपून ठेवतो, म्हणून हे नाव. लोक पिशवीतून भाजी घेऊन येतात, आम्ही ती वाळवतो, दळतो, आम्लात विरघळवतो, आणि ते पाणी निळ्या ज्योतीत फवारतो. दिव्याचा उजेड ज्योतीतून जाताना जितका गिळला जाईल तितका धातू त्या भाजीत. बस, एवढाच खेळ. मी ओले हात झग्याला पुसत गेले. तो खुर्चीवरून उठला आणि मला बसायला खुर्ची दिली. वीस वर्षांत त्याने हे कधी केलं नव्हतं. "ही काल आलेली नवी पूड," तो म्हणाला, "बाहेरून मागवलेली, प्रमाणित. बाटलीवर लिहिलंय तेवढंच आलं, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. म्हटलं गंमत म्हणून शेजारी आपलं घरचं पान लावून बघू." त्याने कागद माझ्यासमोर सरकवला. "तीन वेळा लावलं. दिवा बदलून लावलं. ताई, घरच्या पानात कॅडमियम आहे. मर्यादेच्या तिप्पट."

ज्योत फसफसत होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "शक्यच नाही. ते तर स्वच्छ पान आहे." अगदी असंच. काउंटरपलीकडून लोक मला हेच वाक्य म्हणतात, ताई, शक्यच नाही, आमच्या परसातली भाजी आहे. आणि मी त्यांना समजुतीच्या सुरात सांगते, डोळ्याला दिसत नाही हो ते.

घरचं पान म्हणजे माझ्या घरचं. अकरा वर्षांपूर्वी बाहेरून येणारी प्रमाणित पानाची पूड बंद झाली. पूड लागते ती ब्लँकसाठी. पानात धातू नसला तरी पानाचे स्वतःचे क्षार ज्योतीत थोडी लुडबुड करतात. म्हणून धातू नसलेलं, चोख असं एक पान आधी लावून बघायचं, त्याचा जो आकडा येईल तो पानाचा आणि यंत्राचा खोडसाळपणा समजायचा, आणि प्रत्येक नमुन्यातून तेवढा वजा करायचा. तर पूड बंद झाली, काम अडलं, मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, "कोणाकडे खात्रीचं स्वच्छ पान मिळेल? खत नाही, फवारणी नाही, कालव्याचं पाणी नाही, असं?" आणि मी हात वर केला. पुढच्या बाकावरच्या मुलीसारखा. माझे वडील घरामागे पालेभाजी लावतात, म्हटलं, तिला पावसाच्या पाण्याखेरीज आणि त्यांच्या हाताखेरीज दुसरं काही लागलेलं नाही. मोठ्या बाई हसल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी तीन पाण्यांत धुतलेली, पुसलेली, देठं जुळवलेली जुडी माझ्या हातात दिली, स्वच्छ फडक्यात गुंडाळून, जणू मी ती देवापुढे ठेवायला नेत होते. "प्रयोगशाळेत आपलं पान," ते म्हणाले आणि दिवसभर गुणगुणत हिंडले. तेव्हापासून दर महिन्याला एक जुडी. बरणीवर चिकटपट्टी, तिच्यावर माझ्या अक्षरात: घरचं पान.

आणि आकडे. मला राग येतो तो आधी आकड्यांचा. गेली कित्येक वर्षं काही नमुन्यांचे आकडे उणे यायचे. एखाद्या भल्या माणसाची भली भाजी लावली की वजाबाकी करून उत्तर शून्याच्याही खाली. पानात उणे कॅडमियम कसं असेल? देणं असतं का ते, की पान आपल्याकडून कॅडमियम घेणार आहे? एखाद्या पोराने विचारला असता हा प्रश्न. आम्ही चार शिकलीसवरलेली माणसं, आम्ही काय करायचो, तर उण्याच्या जागी शून्य लिहायचो. दिवेवाला म्हणायचा, "आज यंत्र रुसलंय." मी म्हणायचे, "लाड कर थोडे." आणि हसून शून्य. यंत्र रुसलं नव्हतं, ते ओरडत होतं. अकरा वर्षं ते गळा फाडून सांगत होतं की तुमचं चोख पानच चोख नाही, आणि मी त्याच्या तोंडावर शून्याचं झाकण ठेवत होते. माझ्या हातांनी, निळ्या शाईने, सुवाच्य.

मी स्वच्छतागृहात जाऊन दार लावलं आणि भिंतीवर मूठ आपटली. लागली. बरं वाटलं, म्हणून आणखी एकदा. राग कोणाचा करायचा हेच ठरत नव्हतं, आणि ठरत नव्हतं म्हणून तळपायापासून चढतच होता. मला त्या झाडाचा राग आला. हे कॅडमियम जस्ताच्या तोंडवळ्याचं असतं. मुळाला जस्त हवं असतं, थोडंसं, वाढायला. म्हणून मुळाने जस्तासाठी दारं ठेवलेली असतात. त्या दारात कॅडमियम उभं राहिलं की मूळ ओळखत नाही, ये म्हणतं. मग ते पाण्याबरोबर खोडातून वर चढतं. शिसं निदान मुळापाशीच अडखळून बसतं, हे नाही, हे थेट पानापर्यंत जातं. पानाला उशिरा कळतं की पाहुणा वाईट आहे. तर ते काय करतं, त्याला आपल्या पेशीपेशीतल्या पाण्याच्या कोठडीत नेऊन बंद करतं, बाहेरून कडी. स्वतःला वाचवतं. पिवळं पडत नाही, सुकत नाही, एक डाग नाही अंगावर. उलट तरारून हिरवं. आणि आपण येतो आणि नेमक्या त्या कोठड्या खुडून, धुऊन, चिरून खातो. धुऊन! तीन पाण्यांत! बाहेरून धुतोय आम्ही, आणि ते आत कडी लावून बसलंय. फळात त्या मानाने कमी उतरतं, शेंगेत कमी, पण बाबांना फळंशेंगा आवडत नाहीत, त्यांना पानं आवडतात. प्रार्थनाघरात गाऊन प्रवचन सांगणारे एक म्हातारे होते, सगळे त्यांना गवई आजोबा म्हणत. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून मी त्यांना ऐकलंय. सूर असा चढवत न्यायचे की अंगावर काटा यायचा, आणि ऐन वर पोचला की थांबायचे, श्रोत्यांकडे बघायचे आणि साध्या आवाजात विचारायचे, "आता सांगा, दोष कोणाचा?" मग पुन्हा सूर. त्यांचं एक प्रवचन झाडावर होतं. देवाने झाडाला पाय दिले नाहीत, म्हणून ते उभ्या जागी जे मिळेल ते खातं आणि कोणी खायला घातलं त्याचं नाव कधी सांगत नाही. बाबांचे डोळे भरून यायचे. मला आज त्या संडासात उभं राहून गवई आजोबांना ओरडून सांगावंसं वाटलं: सांगायला हवं होतं हो त्याने. नाव सांगायला हवं होतं.

कारण नाव मला माहीत होतं. ते भिंतीवर मूठ आपटतानाच आठवलं आणि आठवल्यावर इतकं उघड वाटलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी. बाबा प्लेटिंगच्या कारखान्यात होते. नटबोल्टांच्या टोपल्या हौदात बुडवायच्या, वर काढायच्या, चकचकीत. गंजू नयेत म्हणून बोल्टांवर जो मुलामा चढवायचे तो कशाचा, हे मी शाळेत रसायनशास्त्र शिकताना त्यांनाच विचारलं होतं आणि त्यांनीच सांगितलं होतं, कॅडमियमचा. घर बांधलं तेव्हा मागची जागा खोलगट होती, पाणी साचायचं. कारखान्याचा मालक म्हणाला, हौदांच्या तळाचा वाळलेला गाळ पडलाय, घेऊन जा, भरावाला होईल, आपल्याच माणसांचं आहे. आपल्याच माणसांचं! बाबांनी आयुष्यभर त्या मालकाला दुवा दिला. दोन ट्रॉल्या आल्या. करडा, हिरवट झाकेचा, रांगोळीसारखा मऊ. मी सात वर्षांची होते, त्यात पाय रुतवून नाचले होते. वर वीतभर चांगली माती टाकली आणि त्या मातीत वाफे. वीतभर. मूळ हातभर जातं, हे सांगायला प्रयोगशाळा कशाला लागते? पण अकरा वर्षांपूर्वी हात वर करताना माझ्या डोळ्यांपुढे गाळ आला नाही, बाबांचे हात आले. आणि एवढ्यावर भागत नाही. वर्षानुवर्षं आमच्याकडे अंघोळीचं पाणी लाकडाच्या बंबात तापायचं आणि बंबाची राख बाबा वाफ्यांत पसरायचे. राख मातीचा आंबटपणा मारते, आणि आंबटपणा मेला की कॅडमियम मातीला चिकटून बसतं, मुळाला फारसं मिळत नाही. त्या राखेने इतकी वर्षं त्याला बसवून ठेवलं होतं. मग मला नोकरीत बढती मिळाली आणि मी घरी गॅसचा गीझर आणला. आईला धूर सोसत नाही म्हणून. बंब गेला, राख गेली, माती हळूहळू आंबट होत गेली, आणि खालच्याने पाय पसरले. चौदा वर्षं झाली गीझरला. चांगला चाललाय. अजून एकदाही बिघडला नाही, मेला.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. मूत्रपिंडं. मी ते वाक्य पुढे जाऊ दिलं नाही, तिथेच दाबलं.

मी दार उघडून बाहेर आले आणि जुन्या वह्या काढल्या. मला एकच नोंद हवी होती आणि ती कुठे आहे हे मला पाठ होतं. पाच वर्षांपूर्वीची, कालव्याकडची बाई. कालव्याच्या पलीकडे जुन्या बॅटऱ्या फोडायच्या पत्र्याच्या शेडी आहेत, त्यांना लागून तिचा जमिनीचा तुकडा. लंगडत आली होती. पायाचं हाड दोनदा मोडलेलं, डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, काय खाता? ती म्हणाली, जे लावते तेच खाते. म्हणून पिशवी घेऊन आली. बोलकी होती. "ताई, भाजी चांगली निघाली तर डॉक्टरला दाखवते आणि वाईट निघाली तर नवऱ्याला, दोघांपैकी एकाचं तोंड बंद होईल." मी हसले होते. आठ दिवसांनी निकाल: मर्यादेत. आज मी वजाबाकी उलटी केली. वजा केलेलं परत मिळवलं. मर्यादेच्या साडेतीनपट. वहीत मर्यादेत, खाली माझी सही. आणि सही तर सोडा, सह्या मी दिवसाला पन्नास करते. निकाल हातात देताना मी तिला म्हटलं होतं, "निर्धास्त खा." कोणी सांगितलं होतं मला? अर्जावर तो शब्द नाही, नियमावलीत नाही. माझ्या चांगुलपणाने पदरचा घातला होता तो. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि जाताना उरलेली जुडी काउंटरवर ठेवून गेली, तुम्हाला म्हणून. ती मी घरी नेली. बाबा म्हणाले, पान जून आहे, आपल्यासारखं नाही.

मोठ्या बाईंच्या खोलीत मी बरणी घेऊन गेले, कागद घेऊन गेले, वही घेऊन गेले. बाईंनी सगळं नीट वाचलं. त्या मूर्ख नाहीत. मूर्ख असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून त्यांनी बरणी जवळ ओढली. "तू कोणाला बोललीस?"

"दिवेवाल्याने काढलाय आकडा. त्याला माहीत आहे."

"त्याचं मी बघते. आजपासून नवी पूड. मागचं मागे."

"बाई, अकरा वर्षांचे निकाल आहेत. लोकांना कळवायला हवं. निदान जे मर्यादेजवळ होते त्यांना."

"काय कळवणार? आमचा ब्लँक चुकला? कुठलं पान होतं तुझं ब्लँकला? वहीत बघ. वहीत 'ब्लँक' एवढंच लिहिलंय, अकरा वर्षं. कोणाच्या घरचं, कुठल्या वाफ्यातलं, कुठे आहे?"

"बरणीवर आहे."

"ही चिकटपट्टी?" बोलता बोलता त्यांचं नख पट्टीच्या कोपऱ्याखाली गेलं होतं. माझ्याकडे बघतच त्या ती सोलत होत्या, सावकाश, फळाची साल काढावी तशी. "अगं, मी तुझ्याच भल्याचं सांगते. हे बाहेर गेलं तर पहिलं नाव कोणाचं? हात कोणी वर केला होता? सह्या कोणाच्या आहेत? आणि तुझे वडील. त्या वयात त्यांना हे ऐकवणार आहेस तू?" पट्टीची त्यांनी दोन बोटांत गोळी केली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकली. "नोंद केलेला नमुना असता तर गोष्ट वेगळी. नोंदच नाही, तर चूकही नाही. जा, चहा घे."

मी चहा घेतला नाही. मला माझाच राग आला, कारण बाई 'तुझे वडील' म्हणाल्या तेव्हा माझ्या आत काहीतरी हायसं झालं होतं. खरंच की, बाबांना कशाला. कारण मिळालं होतं, कोणीतरी ते पुसून, देठं जुळवून माझ्या हातात दिलं होतं. अर्धा दिवस मी ते हातात धरून बसले. घरी चालत जाताना प्रत्येक परसाकडे बघत होते, प्रत्येक कुंपणामागे कोणाचा तरी वाफा, कोणाचं तरी वीतभर वर चांगलं. देवा, तुला म्हणून सांगते, त्या रस्त्यावर मी तुझ्याशी जे बोलले ते कोणत्या प्रार्थनाघरात चाललं नसतं. तू पानाला कोठडी दिलीस, कडी दिलीस, मग एखादा डाग द्यायला काय जात होतं तुझं? एक काळा ठिपका. लहान मुलालाही दिसेल असा. आणि चालता चालता माझा हात आपोआप कंबरेवर गेला, दोन्ही बाजूंना, मागे, जिथे मूत्रपिंडं असतात. माणसाच्या कोठड्या तिथे. तिथे गेलेलं वीसवीस, तीसतीस वर्षं बाहेर पडत नाही. म्हणजे मीही एक पान होते, चालणारं, तरारलेलं, बाहेरून एक डाग नसलेलं.

बाबा मागच्या दारी पायरीवर बसून जुड्या बांधत होते. रोज संध्याकाळी सात-आठ जुड्या गल्लीत जातात, कोणाचं लेकरू आजारी, कोणाची सून बाळंत, कोण एकटं; पैशाचं नाव नाही. मी समोर उभी राहिले. मनात वाक्य तयार केलं होतं, मऊ, गोल, काउंटरवरचं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "बाबा, त्या खाली टाका."

"अगं, आज दोन जास्त केल्यात. मास्तरांच्या घरी पाहुणे—"

"टाका म्हणते ना!"

त्यांनी टाकल्या नाहीत, मांडीवरून पायरीवर ठेवल्या, हळूच. मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, गाळ, मालक, राख, गीझर, ब्लँक, तिप्पट, कालव्याकडची लंगडणारी बाई. मी त्यांच्यावर ओरडत होते हे मला मध्येच कळलं आणि तरी थांबता येईना. कशाला घेतला तो गाळ, फुकट मिळतंय म्हणून? मालकाला दुवा देत बसलात! बाबा ऐकत होते. बोटं दोऱ्याशी चाळा करत होती, दोऱ्याचा फास, मग तो सोडवणं, पुन्हा फास. माझा आवाज संपला तेव्हा ते म्हणाले, "बस." मी बसले. ते वाफ्यांकडे बघत होते. तिरप्या उन्हात पानं अशी दिसत होती की कोणीही थांबून बघावं.

"तुझ्या आईला," ते म्हणाले, "शेवटची दोन वर्षं मी रोज पानांचं पाणी उकळून द्यायचो. ताकद येईल म्हणून."

"बाबा, ते सांगता येत नाही. तिला काय झालं ते कोणालाच सांगता येणार नाही आता. इतर शंभर कारणं असतात."

"नकोय मला," ते म्हणाले. एवढ्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "तुझी शंभर कारणं तुझ्याजवळ ठेव. तिला आवडायचं नाही ते पाणी. तोंड फिरवायची. मी रागवायचो तिला." आणि मग, दोरा बाजूला ठेवून, "तुझ्या बाई काय म्हणतात?"

मी सांगितलं. नोंदच नाही, तर चूकही नाही. बाबा हसले, नाकाने, आवाज न करता. "हुशार आहे." उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन हप्त्यांत. चपला घातल्या.

"कुठे?"

"दिलं तेव्हा दारात गेलो होतो. आता नको म्हणायलाही दारातच जायला हवं."

मी म्हटलं, उद्या जाऊ, मी नीट समजावून सांगेन, लोक घाबरतील. ते थांबले नाहीत. मी गल्लीच्या दुसऱ्या बाजूने चालत राहिले, त्यांच्या बरोबरीने पण त्यांच्या सोबत नाही, इतका राग होता मला, त्यांचा की त्यांच्याबरोबर न जाणाऱ्या माझा, देव जाणे. पहिल्या दारात त्यांनी कडी वाजवली. मास्तरांची बायको बाहेर आली, हात पुढे करूनच, सवयीने. बाबांचे हात रिकामे. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तिचा हात हवेत तसाच राहिला. मग ती मोठ्याने म्हणाली, "अहो आजोबा, काहीतरीच काय! आमच्या धाकट्याने तर तुमच्याच भाजीवर बाळसं धरलं." बाबांनी मान खाली घातली. दुसऱ्या दारात एका माणसाने शिव्या दिल्या, सरळ, आईवरून. बाबांनी त्या उभं राहून पूर्ण ऐकल्या, मध्येच निघाले नाहीत, आणि तो दमल्यावर हात जोडले. तिसऱ्या दारातल्या म्हातारीला काही कळलंच नाही, ती म्हणाली, उद्या आणा मग. चौथ्या दारापाशी मी रस्ता ओलांडला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पुढची दारं मी वाजवली, बोलले मात्र बाबाच.

सकाळी मी उठले तेव्हा ते घरात नव्हते. वाटलं, प्रार्थनेला गेले असतील. दहाला काउंटरची खिडकी उघडली. माझी पाळी होती. समोर पाच-सहा माणसं, पिशव्या घेऊन, आणि रांगेत चौथे बाबा. धुतलेला सदरा, काखेत पुडकं. त्यांनी मला ओळख दाखवली नाही. पुढच्या तिघांचे अर्ज मी भरले. मग ते खिडकीशी आले आणि पुडकं काउंटरवर ठेवलं, आणि मी पाहिलं की आज फडकं नव्हतं, वर्तमानपत्राचा कागद होता, आणि पानं धुतलेली नव्हती. झाडं मुळासकट उपटलेली होती, मुळांना माती तशीच, वर काळी आणि टोकांना, अगदी बारीक तंतूंना, करडी, हिरवट झाकेची. आमच्या अर्जाच्या मागे लिहिलेलं असतं: नमुना मुळासकट, न धुता आणावा. अकरा वर्षांत मी त्यांना ते कधी वाचून दाखवलं नव्हतं. माती काउंटरवर सांडली. शिपाई फडकं घेऊन पुढे आला. मी म्हटलं, "राहू दे. हात लावू नकोस."

"नाव?" मी विचारलं.

त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, जणू मला माहीत नसावं. पत्ता सांगितला. माझाच पत्ता मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून लिहिला.

"किती वर्षं खाता?"

"छत्तीस."

"तपासणीचं कारण?"

मागे कोणीतरी खाकरलं, आतल्या दारात दिवेवाला येऊन उभा राहिला होता, आणि त्याच्यामागे, मला न बघताच कळलं, मोठ्या बाई. "लिही," बाबा म्हणाले. "खाल्लं. आणि लोकांना दिलं."

मी लिहिलं. त्याखाली 'स्वीकारणाऱ्याचा शेरा' असा एक रकाना असतो. तो मी नोकरीला लागल्यापासून कोणी भरलेला नाही, त्यावर आडवी रेघ मारायची पद्धत आहे. अर्ज तीन प्रतींचा, मध्ये कार्बन. एक प्रत नमुना देणाऱ्याला, एक आमच्या फाइलला, आणि तिसरी खिडकीतूनच टपालाच्या पेटीत, थेट वरच्या कचेरीला. ती मोठ्या बाईंच्या टेबलावरून जात नाही. मी पेन उचललं. मागून बाई माझं नाव घेऊन म्हणाल्या, "जरा आत ये बघू." मी त्या रकान्यात लिहिलं: याच वाफ्यातलं पान या प्रयोगशाळेत अकरा वर्षं ब्लँक म्हणून वापरलं आहे. त्या काळातले सर्व निकाल चूक आहेत. पान मी आणलं. निकालांवर सही माझी. इतकं दाबून लिहिलं की अक्षरं पाठीमागून बोटाला लागत होती. तिसरी प्रत फाडून मी पेटीच्या फटीत टाकली. आत पडल्याचा आवाज झाला, पत्र्याचा, हलका.

बाबांनी आपली प्रत घेतली, चष्मा लावून शेराही वाचला, ओळीवर बोट फिरवत. कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "निकाल कधी?"

"आठ दिवसांनी."

"बरं." ते निघाले, आणि पुन्हा वळले, खिडकीत वाकले. "ती कालव्याकडची बाई म्हणालीस काल. लंगडते ती. तिचा पत्ता दे. पायी जाईन, लांब नाही."

मला कळलं की ते जातील. एकेका पावलावर थांबत, गुडघ्यावर हात ठेवत, त्या पत्र्याच्या शेडींपर्यंत जातील आणि तिच्या दारात उभे राहून माझी चूक आपली म्हणून सांगतील, आणि ती शिव्या देईल किंवा देणार नाही, आणि ते सगळं ऐकून घेऊन हात जोडतील. आणि माझा राग, काल दुपारपासून कोणावरही नीट न बसलेला, कारखान्याच्या मालकावरून झाडावर, झाडावरून देवावर, देवावरून ह्या म्हाताऱ्यावर उड्या मारत फिरलेला, तो तिथे, त्या मातीने माखलेल्या काउंटरवर, एकदाचा जागेवर आला. मी झगा काढला. तो खुर्चीच्या पाठीवर टाकला. दिवेवाल्याला म्हटलं, "खिडकी सांभाळ," तो म्हणाला, "जा, ताई," आणि बाईंच्या आणि माझ्या मध्ये येऊन बसला.

"तुम्ही घरी जा, बाबा," मी म्हटलं. "तिथे मी जाते. निर्धास्त खा असं तिला मी म्हटलं होतं."